सोलापुरातून रेडिऑलॉजीचा ऑनलाइन अभ्यासगट चालवायचा तर

रात्री साडेनऊला ग्रुपवर छातीची एक फिल्म येते. दोन मिनिटांत एका ज्येष्ठ सरांचं उत्तर येतं, एकाच शब्दात. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते, कुणी 'ग्रेट केस सर' लिहितं आणि विषय संपतो. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी फिल्म मोठी करून पाहिलेलीही नसते. ज्यांनी पाहिली, त्यांना आपल्याला काय दिसलं आणि सरांना काय दिसलं हे ताडून बघायला वेळच मिळालेला नसतो. शिकायचं असतं ते तिथेच, त्या दोन बघण्यांच्या मधे.

मी सोलापुरात रेडिऑलॉजिस्ट आहे आणि काही वर्षांपासून असा एक गट चालवते. आमच्याही गटाची सुरुवात अशाच जोडलेल्या हातांनी झाली. नंतर हळूहळू एक गोष्ट कळली: गट चालवणाऱ्याचं खरं काम केसेस गोळा करणं नाही. ज्याला खात्री नाही अशा माणसाने चार लोकांसमोर चुकीचं उत्तर लिहावं, आणि लिहिल्यावर त्याला बरं वाटावं, एवढी सोय करणं हे काम आहे. खाली जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

आपल्या भागात याची गरज का आहे तेही आधी सांगते. एमडीची किंवा डीएनबीची तीन वर्षं रोज दहा जण एका कॉन्सोलभोवती उभे असतात. पास झाल्यावर त्यातला एक जण करमाळ्याला जातो, एक सांगोल्याला, एक अकलूजला. एक सोनो मशीन, एक एक्स-रे, बाहेर पेशंटची रांग, आणि 'अरे, हे तुला काय वाटतं?' असं विचारायला शेजारी कुणी नाही. शहरात होटगी रोडवर किंवा सात रस्त्याला बसलेल्यांचंही फारसं वेगळं नसतं. प्रत्येक जण आपापल्या सेंटरमध्ये एकटाच रिपोर्ट करत असतो.

पहिली पायरी: माणसं

सुरुवात बारा ते पंधरा जणांनी करा. मोठा ग्रुप काढून नंतर त्याला शिस्त लावू, असं होत नाही. ज्यांना तुम्ही फोन करून 'आज तुमचं उत्तर नाही आलं' असं विचारू शकता, तेवढेच लोक घ्या.

आमच्याकडे वैशंपायन मेडिकल कॉलेजचे आणि कुंभारीच्या कॉलेजचे पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर, आहेत, शहरातले आणि पंढरपूर, बार्शीकडचे प्रॅक्टिस करणारे आहेत, विजयपूर-कलबुर्गीकडचे दोघे आहेत. चर्चा मराठीत, वैद्यकीय शब्द इंग्रजीतले, आणि कन्नड मातृभाषा असलेल्यांनी हिंदीत लिहिलं तरी चालतं. भाषेवरून कुणाला अडवू नका. या गावात एका व्हरांड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येतात, ग्रुपवरही तसंच असू द्या.

टेक्निशियनना घ्यायचं की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझं मत ठाम आहे: घ्याच. फिल्म तेच काढतात. छातीची फिल्म फिरलेली आहे का, म्हणजे काढताना पेशंट एका बाजूला वळला होता का, हे कॉलर बोनची आतली टोकं मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून, म्हणजे मागच्या टोकापासून, सारख्याच अंतरावर आहेत का यावरून कळतं. श्वास पुरेसा घेतला आहे का, हे मागच्या नऊ-दहा फासळ्या डायफ्रामच्या वर दिसतात का यावरून. ही दोन वाक्यं पीजीला पुस्तकातून माहीत असतात, टेक्निशियनला हातातून माहीत असतात. दोघं एका जागी आले की फिल्मची प्रतही सुधारते आणि वाचनही. याचा एक दाखला पुढे येईलच.

डॉक्टरांना घेताना मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, टेक्निशियनला तो कुठे काम करतो ते विचारा आणि तिथल्या ओळखीच्या माणसाकडून खात्री करा. पेशंट, पेशंटचे नातेवाईक, मशीन आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनआधी टोचायचं औषध) विकणारे प्रतिनिधी, यांना जागा नाही. प्रतिनिधींशी माझं भांडण नाही, पण त्यांच्यासमोर कुणी आपलं अज्ञान उघडं करत नाही.

साधनांबद्दल थोडक्यात

साधन कुठलंही चालेल, पण फोटो म्हणून पाठवलेली फिल्म व्हॉट्सॲपवर दाबली जाते आणि बारीक गाठी, केसासारखी फ्रॅक्चर लाइन, न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर साठलेल्या हवेची) कड, यातलं आधी तेच जातं. म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. व्ह्यू बॉक्सवरच्या फिल्मचा फोटो घ्यायचाच असेल तर खोलीतले दिवे बंद करा, फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल फिल्मला समांतर धरा आणि बाजूचा मोकळा उजेड काळ्या कागदाने झाका. महिन्यातून एकदा समोरासमोर बोलायला गूगल मीटची फुकटातली ६० मिनिटं पुरतात, झूमची ४० कमी पडतात. बैठकीचं रेकॉर्डिंग करू नका. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की पीजी बोलत नाहीत.

दुसरी पायरी: पेशंटची ओळख

इथे घाई करू नका. मी केली होती.

पहिल्या वर्षी मी एक सीटी टाकला. नाव काढलं, नंबर काढला, हॉस्पिटलचं नाव काढलं. वर हिस्टरी लिहिली, त्यात वय, पेशा आणि तालुका होता. तासाभराने गटातल्या एका टेक्निशियनचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. म्हणाला, "मॅडम, ते आमचे मामा आहेत की. कॅन्सर आहे हे घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं." मी केस लगेच काढली, पण तोवर ती सगळ्यांनी बघितली होती. त्या घरातल्यांना ती बातमी डॉक्टरांकडून, समोर बसून, कळायला हवी होती. ती माझ्यामुळे भाच्याला मोबाइलवर कळली. मी दुसऱ्या दिवशी त्याला भेटून माफी मागितली. तो गटात राहिला, हा त्याचा मोठेपणा.

तेव्हापासून आमचा नियम असा: वय दशकात लिहायचं, 'पन्नाशीच्या पुढे' एवढंच. गाव, तालुका कधीच नाही. पेशा फक्त निदानाशी संबंध असेल तर, आणि तोही मोघम. 'यंत्रमागावर काम' चालेल, कारण अशी माणसं या शहरात हजारोंनी आहेत. ज्या पेशाचा गावात एकच माणूस असतो तो पेशा नाही. फार दुर्मिळ आजार असेल तर काही महिने थांबून मग केस टाकायची. मुंबईत एखादी केस गर्दीत हरवते. आपल्याकडे कुणी ना कुणी कुणाचा तरी पाहुणा निघतोच.

आता तांत्रिक भाग. डायकॉम, म्हणजे मशीनमधून येणाऱ्या मूळ फाइलमध्ये, चित्रासोबत हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव, संस्थेचं नाव, तारीख-वेळ हे सगळं लिहिलेलं असतं. बहुतेक व्ह्यूअरमध्ये 'अनॉनिमाइज' करून एक्स्पोर्ट करायची सोय असते, ती वापरा आणि नंतर फाइल पुन्हा उघडून हेडर डोळ्यांनी तपासा. एवढ्याने भागत नाही. सोनोग्राफीत नाव आणि सेंटरचं नाव चित्रातच छापलेलं असतं, हेडर पुसला तरी ते तसंच राहतं. ते कापावं लागतं. फोल्डरला आणि फाइलला पेशंटचंच नाव दिलेलं असतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत जागेची नोंद असू शकते. आणि डोक्याच्या सीटी किंवा एमआरआयचे सगळे स्लाइस दिले तर त्यावरून चेहरा उभा करता येतो, म्हणून अख्खा स्टडी न देता लागेल तेवढाच भाग द्या. यातलं काहीही कुठल्याही एआय ॲपवर चढवून 'बघू काय म्हणतंय' करायचं नाही, हेही गटाच्या नियमात लिहून ठेवा.

संमती घ्या. आमच्या सेंटरला मराठी, कन्नड आणि हिंदीतलं चार ओळींचं पत्रक आहे: तुमचं नाव न देता ही तपासणी डॉक्टरांना शिकवण्यासाठी वापरू का? नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण माझ्यासाठी त्या फोनवरचा आवाज कायद्याच्या आधी येतो.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा विषय वेगळा काढते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोसाठी आपण फॉर्म एफ, म्हणजे त्या कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म, भरतो. गटात गर्भाच्या बाह्य जननेंद्रियांची फ्रेम कधीही येता कामा नये. लिंगाचा उल्लेख नको, सूचकही नको. सोनोची क्लिप टाकण्याआधी ती शेवटपर्यंत, एकेक फ्रेम करून बघा, कारण प्रोब फिरताना नको ते क्षणभर येऊन जातं. आमच्याकडे गर्भातल्या व्यंगाच्या केसेस प्रसूती झाल्यानंतरच घेतल्या जातात. यावर कुणी सूट मागितली तर देऊ नका, मग तो कितीही मोठा असो.

कुठली केस कुणाची, हे कळण्यासाठी एक वही ठेवा. वहीत केस क्रमांक आणि सेंटरमधला पेशंटचा नंबर. ही वही केस आणणाऱ्याच्या सेंटरमध्येच राहते, गटात फक्त केस क्रमांक फिरतो.

तिसरी पायरी: केस मांडणं

केस म्हणजे नुसती फिल्म नव्हे. फिल्म, तिच्यासोबतची हिस्टरी आणि एक नेमका प्रश्न, असं तिघांचं मिळून केस होते. आमच्या एका केसचा मजकूर जसाच्या तसा देते:

केस ४१. पन्नाशीच्या पुढे, पुरुष. तीन आठवडे खोकला, ताप सांगत नाही. यंत्रमागावर काम. छातीचा पीए.
१. फिल्मची प्रत कशी आहे?
२. काय दिसतं? फक्त फाइंडिंग लिहा, निदान नको.
३. पुढची एकच तपासणी करायची तर कोणती?
उत्तरं उद्या रात्री ९ पर्यंत. टेक्निशियन आणि पीजी आधी. बाकीच्यांनी ९ नंतर.

'काय आहे हे ओळखा' असं विचारलं की लोक अंदाज बांधतात. 'काय दिसतं' विचारलं की बघतात. दुसऱ्या प्रश्नात निदान नको असं स्पष्ट लिहिलेलं आहे ते त्यासाठीच.

सीटीची केस मांडताना नवीन लोकांकडून हमखास एक चूक होते. ते नेमका गाठ असलेला स्लाइस निवडून पाठवतात. चाळीस-पन्नास स्लाइसमधून तो स्लाइस शोधणं हीच तर परीक्षा होती, ती तुम्हीच देऊन टाकली. त्यापेक्षा वरून खालपर्यंत सावकाश स्क्रोल करत स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तो व्हिडिओ द्या. मिनिटभराचा पुरतो.

आणि विंडो सांगा, म्हणजे घनतेचा कुठला पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवला आहे ते. सीटीतली घनता मोजायच्या हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, गोठलेलं ताजं रक्त साधारण ६० ते ८०, आणि हाड त्याच्या कितीतरी वर. मेंदूची नेहमीची विंडो रुंदी ८०, मध्य ४० अशी ठेवली तर ८० च्या वरचं सगळं सारखंच पांढरं दिसतं. कवटीला चिकटलेला पातळ सबड्यूरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव, त्या पांढऱ्यात बुडून जातो. रुंदी २०० च्या आसपास नेली की हाड आणि रक्त वेगळं होतं आणि मघाशी 'नॉर्मल' म्हटलेल्या डोक्यात कड दिसायला लागते. हे मी शब्दात सांगून कुणाला पटलं नव्हतं. एकाच स्लाइसची दोन चित्रं शेजारी ठेवली, तेव्हा पटलं. आमच्या गटात सगळ्यात जास्त वेळा मागे जाऊन बघितली गेलेली केस तीच आहे. बाइकवरून पडून आलेल्यांचे डोक्याचे सीटी रात्री एकट्याने बघणाऱ्यांना तिचा रोज उपयोग होतो. फुफ्फुसासाठी रुंदी १५०० आणि मध्य उणे ६००, हाडासाठी त्याहून रुंद, अशा दोन-तीन विंडो तरी प्रत्येक छातीच्या सीटीसोबत द्या.

नॉर्मल फिल्मही द्या. चारात एक तरी. ज्या ग्रुपवर प्रत्येक फिल्ममध्ये आजार असतो, तिथल्या लोकांना निरोगी माणसाच्या फिल्ममध्येही आजार दिसायला लागतो. त्यासाठी आपल्या गावाला शोभेल असं एक उदाहरण आहे. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आठवडाभरात ती कमी होते. हा बिसिनोसिस. त्याची छातीची फिल्म बहुधा नॉर्मलच असते. गिरण्यांच्या या शहरात आजोबांचा 'सोमवारचा दम' ऐकलेली घरं अजून आहेत. तिथे निदान हिस्टरीत आहे, फिल्ममध्ये नाही, आणि 'फिल्म नॉर्मल आहे, पण कामाबद्दल विचारा' हे लिहायला धीर लागतो. तो धीर गटात आणायचा.

दुसऱ्यांच्या केसेस उचलून आपल्या म्हणून टाकू नका. रेडिओपीडिया ही रेडिऑलॉजीची वेबसाइट २००५ पासून आहे आणि तिथल्या केसेस श्रेय देऊन, पैसे न कमावता वापरायची मोकळीक आहे. दुवा द्या, नाव द्या. पण आठवड्याची मुख्य केस आपल्या भागातली असावी.

चौथी पायरी: ज्येष्ठांनी गप्प बसणं

हा सगळ्यात अवघड भाग. आमचा नियम २४ तासांचा आहे. तेवढ्या वेळात टेक्निशियन आणि पीजीच लिहितात. पहिल्या वर्षाचा आधी, तिसऱ्या वर्षाचा नंतर. कन्सल्टंट शेवटी. सरांना हे सांगायचं कसं, असा प्रश्न पडेल. मी प्रत्येकाला स्वतंत्र फोन केला आणि म्हटलं, "सर, तुमचं उत्तर आलं की पोरं विचार करायचं सोडतात. तुम्ही उद्या नऊला सगळ्यांची उत्तरं वाचून मग बोला." एकानेही वाईट वाटून घेतलं नाही. उलट दोघा-तिघांनी सांगितलं की रेसिडेंट काय विचार करतात हे त्यांना पहिल्यांदाच वाचायला मिळालं.

केस ४१ ला काय झालं ते सांगते. नऊ उत्तरं 'नॉर्मल' अशी आली. मग अक्कलकोट रोडच्या बाजूला काम करणाऱ्या एका टेक्निशियनने लिहिलं: 'डाव्या कॉलर बोनच्या मागे उजव्यापेक्षा पांढरं वाटतंय. फिल्म फिरलेली नाही, मी दोन्हीकडचं अंतर मोजलं.' हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. फिल्म फिरलेली असती तर एक बाजू उगाचच पांढरी दिसू शकते. त्याने ती पळवाट आधीच बंद केली होती. त्यानंतर सगळे परत फिल्मकडे वळले आणि एकेकाला ते दिसायला लागलं.

रात्री नऊनंतर गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ सरांनी लिहिलं, 'मीही पहिल्या नजरेत नॉर्मल म्हटलं होतं.' हे वाक्य वीस लेक्चरच्या बरोबरीचं होतं. पुढच्या आठवड्यात उत्तरांची संख्या दुप्पट झाली.

तिसऱ्या प्रश्नावर मजा आली. आम्ही बहुतेक रेडिऑलॉजिस्ट सीटी म्हणालो. पाहुणे म्हणून बोलावलेल्या फिजिशियन म्हणाल्या, दोन आठवड्यांच्या पुढचा खोकला आणि वरच्या भागात सावली, आधी थुंकी पाठवा, सीबीनॅट (टीबीची तपासणी) करा. त्यांचंच बरोबर होतं. थुंकीत टीबी निघाला.

चुकलेल्याला काय म्हणायचं, हेही ठरवून ठेवा. 'कसं दिसलं नाही?' हा प्रश्न आमच्याकडे चालत नाही. त्याऐवजी 'तू फिल्म कुठून बघायला सुरुवात केलीस?' असं विचारतो. त्याने मनापासून सांगितलं की कळतं: हृदयापासून सुरू केलं, मधेच जुनी भरलेली फासळी सापडली, ती सापडल्याचं समाधान झालं आणि शोध तिथेच थांबला. एक सापडलं की दुसरं निसटतं, हा आपल्या धंद्यातला जुना सापळा आहे. म्हणून छातीच्या फिल्मवर शेवटी चार जागा पुन्हा बघायच्या असं आम्ही ठरवलं आहे: फुफ्फुसांची दोन्ही शिखरं, दोन्ही हायलम (फुफ्फुसांची मुळं), हृदयाच्या मागे, डायफ्रामच्या खाली.

कुणाला न दिसल्याची फार लाज वाटत असेल तर त्याला २०१३ चा एक अभ्यास सांगा. २४ रेडिऑलॉजिस्टना छातीच्या सीटीत गाठी शोधायला सांगितल्या होत्या. शेवटच्या स्टडीत एका गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावर गेली होती, हे नजर टिपणाऱ्या यंत्रावर उमटलं होतं. डोळे चांगले होते. ते गाठी शोधत होते, गोरिला नाही.

तरीही काही जण चारचौघांत लिहिणार नाहीत. पहिले दोन महिने त्यांची उत्तरं खासगीत घ्या, नाव न घेता गटात मांडा. तिसऱ्या महिन्यात ते आपणहून लिहायला लागतात.

पाचवी पायरी: केस मिटेपर्यंत तिचा पाठपुरावा

उत्तर सांगितलं म्हणजे केस संपली, असं नाही. 'उत्तर' बहुतेक वेळा आपलं मत असतं. ऑपरेशनमध्ये काय निघालं, हिस्टोपॅथॉलॉजीत (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत) काय आलं, औषधाने सावली गेली का, हे कळल्यावर ती केस संपते. गटाच्या यादीत प्रत्येक केससमोर 'उघडी' किंवा 'मिटलेली' असं लिहिलेलं असतं आणि दर महिन्याला एक पीजी उघड्या केसेसचे फोन करतो. सर्जनना फोन, पॅथॉलॉजिस्टना फोन, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला गेलेला पेशंट असेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन. हे काम कंटाळवाणं आहे आणि यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. आपण छातीठोकपणे एक सांगितलेलं असतं आणि हिस्टोत दुसरंच येतं. ते तसंच, न झाकता, गटात लिहायचं.

केस ४१ सात महिन्यांनी मिटली. सहा महिन्यांचं औषध पूर्ण झाल्यावर काढलेली फिल्म त्याच टेक्निशियनने आमच्याकडून मागून घेतली आणि दोन्ही फिल्म शेजारी लावून टाकल्या. डाव्या कॉलर बोनच्या मागे आता फक्त दोन बारीक रेघा होत्या.

मिटलेल्या केसखाली तीन ओळी लिहून ठेवा: काय होतं, काय निसटलं, पुढच्या वेळी कुठे बघायचं. वर्षभराने हाच तुमचा साठा होतो आणि परीक्षेला बसणारे स्पॉटरच्या (फिल्म बघून पटकन ओळखायच्या प्रश्नांच्या) तयारीला तोच चाळतात.

गटात काय आणायचं नाही

'सर, अर्जंट आहे, जरा बघा ना' अशी फिल्म गटात येणारच. येऊ देऊ नका. हा गट शिकण्यासाठी आहे, रिपोर्टिंगसाठी नाही. चालू पेशंटबद्दल मत हवं असेल तर एका ज्येष्ठाला थेट फोन करायचा, मूळ डायकॉम स्टडी दाखवायचा, आणि रिपोर्टची जबाबदारी सही करणाऱ्याची. मोबाइलच्या स्क्रीनवर पाहून तीस जणांनी दिलेली मतं म्हणजे रिपोर्ट नव्हे, आणि तीस जणांनी बघितलं म्हणून कुणा एकानेही नीट बघितलं असेल असं नाही. टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे हवेच्या दाबाने जीव धोक्यात आलेला, दिसला तर ग्रुपवर टाकायला हात जाण्याआधी कॅज्युअल्टीत पळायचं. ती फिल्म पेशंट बरा झाल्यावर, महिन्याने, केस म्हणून येऊ शकते.

गुड मॉर्निंगचे संदेश, नोकरीच्या जाहिराती, मशीनच्या किमती यांच्यासाठी वेगळा ग्रुप काढा. प्रायोजकांचे पैसे घेऊ नका. खर्च काही होतच नाही.

वर्षाचा मेळ

आठवड्याला एक केस पुरते. रोज एक टाकायचा उत्साह तीन आठवडे टिकतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आणि आषाढीला पंढरपूरच्या ड्युट्या लागलेल्या असताना नवी केस टाकू नका, जुन्या उघड्या केसेस मिटवा. परीक्षेच्या आधीचे दोन महिने पीजींना विचारून केसेस निवडा.

८ नोव्हेंबरला आम्ही फक्त हाताच्या फिल्म घेतो. १८९५ मध्ये त्या दिवशी राँटगेनना क्ष-किरण सापडले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताची अंगठीसकट प्रतिमा काढली. तिथून सुरू करून मनगटाकडे येतो: स्कॅफॉइड या मनगटातल्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या फिल्ममध्ये न दिसता १० ते १४ दिवसांनी परत काढलेल्या फिल्ममध्ये कसं दिसतं, आणि तोवर हात प्लास्टरमध्ये का ठेवायचा. त्या दिवशी टेक्निशियन शिकवतात, कन्सल्टंट ऐकतात. स्कॅफॉइड व्ह्यूसाठी मनगट किती वाकवायचं, दुखत असलेल्या पेशंटकडून ते कसं करून घ्यायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

दुसऱ्याच्या हाती देणं

पहिल्या दिवसापासून ॲडमिन दोन ठेवा, त्यातला एक पीजी असावा. पीजी तीन वर्षांत निघून जातो, म्हणून दर वर्षी एक नवा जोडायचा. देण्यासारखं फारसं नसतं: नियमांचं एक पान, मिटलेल्या केसेसचा फोल्डर, आणि उघड्या केसेसची यादी.

या जूनमध्ये मी ती यादी पंढरपूरच्या एका तरुण सहकाऱ्याकडे दिली. तिच्यात चार केसेस होत्या. तीन साध्या. चौथीत उजव्या फुफ्फुसात ७ मिलिमीटरची एकटी गाठ आहे, पेशंटने कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही, दुसरा सीटी ६ ते १२ महिन्यांत करायचा आहे. गटात सात जण 'काही नाही' म्हणाले आहेत, चार जण 'लक्ष ठेवा'. मी त्या केसच्या पानावर तारीख लिहिली, पान दुमडलं, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचा नंबर खाली पेन्सिलने लिहून ठेवला.